चाळीस हॅवरकॅम्प

लेनी हॅवरकॅम्प बेसबॉल खेळायचा असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर थोडे उपकारच आहेत. तो संघाबरोबर प्रवास करायचा. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारे दोन कॅचर संघात आधीच होते. ते दोघे एकाच दिवशी आजारी पडले तर लेनीचा नंबर लागणार होता, आणि दुर्दैवाने दोघांच्याही तब्येती उत्तम होत्या. तरीही एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली च्युइंगगमच्या पुड्यांतून खेळाडूंची कार्डं निघाली तेव्हा त्यांत लेनीचंही एक निघालं. संच सहाशे साठ कार्डांचा करायचं ठरलं होतं आणि नामवंत खेळाडू तेवढे नव्हते. कार्डावर लेनी हसतोय. दुसऱ्याच्या लग्नातल्या फोटोत चुकून आलेला माणूस हसतो तसा.

ओहायो राज्यातल्या मॅन्सफिल्ड गावचा व्हर्लिन स्टाउफर याच्याकडे त्या संचातली सहाशे एकोणसाठ कार्डं होती. नव्हता तो फक्त हॅवरकॅम्प.

आता एखादं दुर्मिळ कार्ड नसणं ही संग्राहकाच्या जगात अभिमानाची गोष्ट असते. माणूस त्याविषयी उसासे टाकू शकतो. पण हॅवरकॅम्प नसणं म्हणजे घरात मीठ नसण्यासारखं होतं. कुठल्याही जुन्या बाजारात जावं, कुठल्याही बुटांच्या खोक्यात हात घालावा, तळाशी हॅवरकॅम्प पडलेला असायचाच. एखाद्या विक्रेत्याकडे गोड बोललं तर तो फुकटही द्यायचा. व्हर्लिन अकरा वर्षं बाजारात जात होता, हॅवरकॅम्प हातात घेत होता, उजेडाकडे धरून बघत होता आणि परत ठेवत होता.

"कोपरा मऊ आहे," तो म्हणायचा.

घोडा घेणारा दात बघतो तसा कार्ड घेणारा कोपरे बघतो. कोपरे टोकदार हवेत. बोटांनी हाताळलेले, खिशात राहिलेले, पोरांनी प्रेम केलेले कोपरे गोल होतात, मऊ पडतात, आणि मग शहाणी माणसं तोंड वाकडं करतात. त्यामुळे व्हर्लिनचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. फक्त अकरा वर्षांत पृथ्वीतलावर एकाही हॅवरकॅम्पला धड कोपरा नसावा, हे जरा जास्त होतं.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ल्यूथरन चर्चच्या तळघरात कार्डवाल्यांचं मंडळ भरायचं. पंधराएक म्हातारे. बायकांनी घरातून आणि डॉक्टरांनी गोडापासून दूर केलेले. मंडळाचा अध्यक्ष मर्ल डीट्झ हा व्हर्लिनचा दोन घरं सोडून शेजारी. मंडळाचं झेरॉक्स काढलेलं पत्रक तोच लिहायचा, तोच वाचायचा आणि त्यातल्या विनोदांना तोच हसायचा.

"व्हर्लिन, अरे त्या हॅवरकॅम्पच्या बायकोनेसुद्धा त्याला इतकं निरखून पाहिलं नसेल," मर्ल म्हणायचा.

"म्हणूनच तिचं लग्न झालं," व्हर्लिन म्हणायचा.

सगळे हसायचे. व्हर्लिनही हसायचा. खरं काय होतं हे त्या तळघरात कुणालाच माहीत नव्हतं.

खरं असं होतं की हॅवरकॅम्प मिळालेला होता.

चौऱ्याहत्तर साली व्हर्लिनचा मुलगा क्रेग आठ वर्षांचा होता. बापलेक ओसरीच्या पायऱ्यांवर बसून पुडी फोडायचे. च्युइंगगम क्रेगचं, कार्डं दोघांची. त्या उन्हाळ्यात हॅवरकॅम्प चार वेळा निघाला, आणि चारही वेळा क्रेगने तो कपडे वाळत घालायच्या चिमट्याने सायकलच्या चाकाला लावला. चाक फिरलं की स्पोक कार्डावर आपटायचे आणि मोटरसायकलसारखा फर्रर्र आवाज यायचा. गल्लीभर. हॅवरकॅम्प आयुष्यात खराखुरा पळाला तो एवढाच. मर्लची तेव्हा रात्रपाळी असायची. तो दुपारी बनियनवर बाहेर येऊन ओरडायचा, "स्टाउफर, तुझ्या पोराला ब्रेक लाव." उन्हाळा संपेपर्यंत चारही हॅवरकॅम्पांच्या चिंध्या झाल्या.

मग क्रेग मोठा झाला. टोलेडोला काचेच्या कारखान्यात लागला. संच हळूहळू भरत गेला. जाड फाईलमध्ये नऊनऊ कप्प्यांची प्लास्टिकची पानं, आणि शेवटी एका पानात मधोमध एक कप्पा रिकामा. दोघांचं ठरलेलं होतं की तो क्रेगने भरायचा, कारण गुन्हा त्याचा होता. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे घरच्यांनी एकत्र जेवायच्या सणाच्या, आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"बाबा, हॅवरकॅम्प घेतला."

"कुठे मिळाला?"

"इथेच, एका म्हातारीच्या दुकानात. तू आता घेऊ नकोस हं. उद्या जेवायला येताना आणतो."

"कोपरे कसे आहेत?"

"मला माहीत होतं तू हेच विचारणार. कोपरे गेलेत. तू नाक मुरडशील. पण कप्प्यात मीच घालणार, आणि तू गप्प बसायचंस."

स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवर त्याची आई आर्डिथ होती. ती म्हणाली, "रस्ता निसरडा आहे, सावकाश ये." क्रेग म्हणाला, "हो गं."

मॅन्सफिल्डच्या अलीकडे, पुलावर, गाडी घसरली. पोलिसांनी आणून दिलेल्या कागदी पिशवीत किल्ल्या होत्या, पाकीट होतं, घड्याळ होतं, एक हातमोजा होता. कार्ड नव्हतं. गाडी भंगारवाल्याच्या आवारात नेऊन टाकली होती. त्यात समोरच्या खणात काही होतं का, हे व्हर्लिनने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. ते वाहन पुढे कुठे गेलं, कशाच्या पत्र्यात वितळलं, देव जाणे. तेव्हापासून व्हर्लिनच्या हिशेबी हॅवरकॅम्प हरवलेला नव्हता. तो वाटेत होता. आणि जे कार्ड वाटेत आहे ते माणूस पुन्हा विकत घेत नाही.

मग बाजारात जाऊन शोधायचा कशाला? त्याचंही कारण फार थोर नव्हतं. पुढच्या वसंतात, आर्डिथने घराबाहेर काढलं म्हणून, तो शनिवारच्या बाजारात गेला. बर्डेट नावाची विक्रेती थर्मासमधली कॉफी पीत बसली होती. तिने सहज विचारलं, "संचात काय राहिलंय?" तोही सहज म्हणाला, "हॅवरकॅम्प." बाई वाकली आणि तिने खोक्यातून हॅवरकॅम्प काढून त्याच्यासमोर धरला. काहीतरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "कोपरा मऊ आहे." पुढच्या शनिवारी तिने दुसरा काढून ठेवला होता. असं ते सुरू झालं. दर शनिवारी कुणीतरी त्या कार्डाबद्दल विचारत होतं, आणि दर शनिवारी व्हर्लिन ते येऊ देत नव्हता. यातलं पहिलं त्याला जास्त हवं होतं की दुसरं, हे त्याने ठरवलं नव्हतं.

मर्लने गंमत म्हणून पत्रकात चौकट टाकायला सुरुवात केली: "हवा आहे: लेनी हॅवरकॅम्प. अट: देवाने स्वतःच्या हाताने कापलेला." पत्रक डाकेने दुसऱ्या राज्यांतल्या मंडळांकडेही जायचं. इतर ठिकाणी लोक हसले. नेब्रास्कातल्या कार्नी गावात मात्र एका माणसाला ते वाचून वाईट वाटलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी डाकवाल्याने भलंमोठं पुडकं आणून दिलं. पाठवणारा ओरिन टॅगेट. व्हर्लिनने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. पण पुडक्यावरून माणूस कळतो. आतल्या गठ्ठ्यांना रंगारी वापरतात ती निळी चिकटपट्टी लावलेली होती, जी सोडवताना कार्डाला धक्का लागत नाही, आणि प्रत्येक पट्टीचं टोक दुमडून ठेवलेलं होतं, म्हणजे उघडणाऱ्याला नखाने खरवडत बसायला नको. पट्टीचं टोक दुमडणारा माणूस सहसा वाईट नसतो.

वरचे दोन गठ्ठे क्लीव्हलंडच्या जुन्या खेळाडूंचे होते, ओहायोच्या माणसाला आवडतील म्हणून. व्हर्लिन खूश झाला. त्याने तिसरा गठ्ठा सोडवला. हॅवरकॅम्प. त्याच्याखाली हॅवरकॅम्प. त्याच्याखालीही. त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडत नेले आणि टेबल संपलं. चाळीस हॅवरकॅम्प चाळीस जागी बसून त्याच्याकडे बघून हसत होते.

तेवढ्यात फोन वाजला.

"मिस्टर स्टाउफर? मी ओरिन टॅगेट, कार्नीहून. पुडकं पोचलं का?"

"आत्ताच. टॅगेट, तुम्ही हे काय केलंत?"

"फार नाही हो. आमच्या गावातले सगळे उचलले, मग मेव्हण्याला कॅन्ससमध्ये कामाला लावलं. बायको म्हणाली, एकेक काय पाठवतोस, सगळे पाठव, एकाचा तरी कोपरा धड निघेल."

"एवढा खटाटोप..."

"अकरा वर्षं म्हणजे थट्टा आहे का? मी पत्रक वाचलं आणि म्हटलं, हा माणूस एका कार्डापायी झुरतोय आणि आपण इथे मका खात बसलोय. हां, सगळ्यात खालचा तेवढा फेकून द्या. त्याला कोपरेच नाहीत. एकोणचाळीस आकडा बरा दिसेना म्हणून घातला."

"तुमच्या संचात काय राहिलंय? मी पाठवतो." हा रिवाज होता. पुडकं आलं की पुडकं जातं.

"काही नको. मंगळवारी पान पूर्ण झालं की मर्ल डीट्झना पत्रकात छापायला सांगा. मी ते भिंतीवर लावणार. माझा संच काही या जन्मी पुरा होत नाही, निदान दुसऱ्याचा झालेला बघतो. मी मर्लना कालच कळवून टाकलंय."

व्हर्लिनने आभार मानले. दुसरं काय करणार? शिवी दिली असती तर उत्तर देता येतं. एवढ्या चांगुलपणापुढे माणूस असहाय होतो.

त्याने भिंग आणलं आणि कोपरे तपासायला बसला. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं की तो सगळ्यात चांगलं कार्ड शोधतोय. तो प्रत्येकात खोट शोधत होता. पहिल्या काहींत मिळाली. एकाचा कोपरा खरोखरच मऊ होता. एकाची छपाई तिरकी. एकावर च्युइंगगमचा डाग. पण मग असे हॅवरकॅम्प यायला लागले की ज्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. कोपरे सुईसारखे. व्हर्लिन त्यांच्यावर वैतागला. ज्या माणसाला आयुष्यात एक चेंडू नीट मारता आला नाही त्याने इतकं निर्दोष असायचं काय कारण?

आर्डिथ बागेतून आत आली. टेबलाकडे बघत उभी राहिली. ती फाईलवरची धूळ दर आठवड्याला पुसायची, पण अकरा वर्षांत तिने ती उघडली नव्हती.

"हे काय रे?"

"नेब्रास्कातल्या एका माणसाने पाठवलेत."

"सगळे तोच?"

"सगळे तोच."

तिने हात पुसले, खुर्ची ओढली. "मग?"

"कोपरे बघतोय."

"कसे आहेत?"

"मऊ."

"सगळे?"

व्हर्लिन भिंग पुसायला लागला. भिंग स्वच्छ होतं.

"व्हर्लिन, मी त्या दिवशी दुसऱ्या फोनवर होते," आर्डिथ म्हणाली.

"माहितीय."

"मीही ऐकलंय तो काय म्हणाला ते. तू एकट्यानेच ऐकल्यासारखा वागतोस."

हे बोलणं त्या घरात आजवर झालं नव्हतं.

"तो म्हणाला मीच घालणार," व्हर्लिन म्हणाला.

"हो."

"मग मी कसा घालू?"

"तू नकोच घालूस. तू गप्प बसायचंस, असंही म्हणाला होता." ती म्हणाली. "तेवढं एक तुला कधी जमलं नाही."

व्हर्लिनला हसू आलं आणि अर्ध्यातच ते दुसरंच काही झालं. आर्डिथने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती टेबलावरची कार्डं बघत होती, भाजीच्या गाड्यावर बघावं तशी, भराभर, भिंगाशिवाय. सुईसारख्या कोपऱ्यांवरून तिची नजर सरळ पुढे गेली. शेवटच्या कार्डाशी ती थांबली. टॅगेटने फेकून द्यायला सांगितलेलं तेच. कोपरे गोल, जवळजवळ नाहीसे. खालच्या कडेला चिमट्याचे दोन दात उमटलेले, आणि लेनीच्या हसऱ्या तोंडावर स्पोकचे आडवे वळ. नेब्रास्कातल्या कुण्या पोराचीही सायकल होती म्हणायची.

"कोपरे गेलेत," ती म्हणाली. "हा."

"तो नाहीये हा, आर्डिथ."

"मला कळतं ते. मी काय वेडी आहे?" ती म्हणाली. "फाईल आण."

व्हर्लिनने फाईल आणली. कप्पा इतकी वर्षं रिकामा राहिल्याने त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. आर्डिथने नख घालून पाहिलं, आत जाईना. व्हर्लिन खाली वाकला आणि त्याने कप्प्याच्या तोंडाशी हळूच फुंकर मारली. पोराच्या डोळ्यात कचरा गेल्यावर मारतात तशी. प्लास्टिक सुटलं.

"वरून. सावकाश," तो म्हणाला.

"गप्प बस," आर्डिथ म्हणाली, आणि तिने कार्ड आत सरकवलं.

दोघं पानाकडे बघत बसली. नऊ खेळाडू, मधोमध हॅवरकॅम्प, तोंडावर वळ. संच पूर्ण झाला की काय होतं याविषयी संग्राहक बरंच बोलतात. कुणी म्हणतो छाती फुगते, कुणी म्हणतो झोप लागते. व्हर्लिनला एवढंच कळलं की आता कुणी यायचं राहिलेलं नाही.

मंगळवारी चर्चच्या तळघरात मर्लने केक आणला होता. हिरव्या साखरेत सहाशे साठ लिहिलेला. डॉक्टरांना फसवायला सगळ्यांना निमित्त मिळालं होतं. मर्लने दोन्ही हात चोळले.

"या, स्टाउफरमहाराज. अकरा वर्षं आम्ही ज्या कोपऱ्यांची वाट बघतोय ते दाखवा. चष्मे पुसून बसलोय."

व्हर्लिनने फाईल उघडली. सगळे वाकले. मग एकेक जण सरळ झाला.

"याला कोपरेच नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाहीत," व्हर्लिन म्हणाला.

"चाळीसातून हा निवडलास?" मर्लने विचारलं.

"आर्डिथने निवडला."

मर्लने तोंड उघडलं. त्याच्या तोंडाशी विनोद आला होता, आणि मर्ल आलेला विनोद परत पाठवणाऱ्यांतला नव्हता. तो आणखी वाकला. चिमट्याच्या दोन खुणा त्याने पाहिल्या. वळ पाहिले. दूरचं काही ऐकू येतंय का ते बघावं तशी त्याने मान कलती केली. मग त्याने पान हलक्या हाताने मिटलं.

"केक कापा रे," तो म्हणाला. "कोरडा पडतोय."

पत्रकात त्याने चौकटीच्या जागी दोन ओळी छापल्या: स्टाउफर यांचा संच पूर्ण झाला, कार्नीचे ओरिन टॅगेट यांचे आभार. विनोद नव्हता. वाचकांना वाटलं मर्ल आजारी आहे. व्हर्लिनने उरलेले एकोणचाळीस टॅगेटला परत पाठवले. वर त्याच्यासाठी चांगली दोन पुडकी. पट्टीची टोकं आर्डिथने दुमडली.

शनिवारी सकाळी व्हर्लिन कोट घालून दाराशी आला आणि थबकला. जायचं कशाला, हे त्याला आठवेना. आर्डिथने त्याच्या हातात गाडीच्या किल्ल्या दिल्या. "अंडी आण येताना," ती म्हणाली. घरात अंडी होती.

बाजारात बर्डेट तिच्या नेहमीच्या जागी थर्मास घेऊन बसली होती. मर्लचं पत्रक तिच्या मांडीखाली होतं. खुर्ची ओली असली की ती ते अंथरून बसायची, पण आधी वाचायची. व्हर्लिन खोक्यांसमोर उभा राहिला. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"अंडी न्यायला आलो होतो," तो म्हणाला.

"अंडी तिकडे, कोपऱ्यावर," बर्डेट म्हणाली.

तो हलला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, कॉफीचा घोट घेतला. मग वाकून खोक्यात हात घातला आणि एक हॅवरकॅम्प काढून त्याच्यासमोर धरला.

"काल आलाय. मला वाटतं कोपरे बरे आहेत. तू बघ."

व्हर्लिनने खिशातून हात काढला. कार्ड घेतलं. उजेडाकडे धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. कोपरे चारही टोकदार होते.

"मऊ आहे," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटत होतं," बर्डेट म्हणाली. तिने कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि खोक्यात तळाशी न टाकता सगळ्यांच्या पुढे उभं करून ठेवलं, पुढच्या शनिवारी शोधायला लागू नये म्हणून.